पाडवा ते गणपती

गुढीपाडव्याच्या सकाळी कपाटातून रेशमी वस्त्र काढताना डाव्या हाताचा अंगठा दारात चेमटला. नखाच्या मुळाशी रक्त साकळलं आणि मसुरीएवढा काळा-निळा डाग पडला. ठणका दोन दिवसांत गेला, डाग राहिला. तो पुढे सरकतोय हे लक्षात आल्यावर मी दर महिन्याला पट्टी लावून मोजू लागले. महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर.

बोटांची नखं साधारण याच वेगाने वाढतात. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी तर पस्तीस वर्षं स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खूण करून नोंदी ठेवल्या. वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७व्या वर्षी ०.०९५. नख तयार होतं ते कातडीच्या आत, मुळाशी. बाहेर दिसतं ते केराटिनचे एकावर एक दाबलेले मृत थर. त्याला वरून काही खाऊ घालता येत नाही.

हे कळायला मला उशीर झाला. माझ्या उजव्या तर्जनीच्या नखाचे कित्येक वर्षं पापुद्रे निघत होते. टोकाशी कांद्याच्या सालीसारखा थर सुटायचा, साडीच्या जरीत अडकायचा, ओढला की थेट जिव्हाळीपर्यंत फाटायचा. जिव्हाळा आणि जिव्हाळी हे शब्द मराठीने इतके जवळ का ठेवलेत, ते तेव्हा कळतं. कुणी म्हणालं कॅल्शियम कमी पडतंय, कुणी लिंबू चोळायला सांगितलं. लिंबाने नखं आणखी कोरडी पडली. कॅल्शियम तर नखात अगदी थोडं असतं. नखाचा कठीणपणा केराटिनचा. नखांवरचे पांढरे ठिपकेसुद्धा बहुतेक वेळा मुळाला लागलेल्या बारीकसारीक माराचे असतात.

एके दिवशी मी नुसतं मोजलं. सकाळच्या चहाच्या भांड्यांपासून दुपारचा ओटा पुसेपर्यंत हात सव्वीस वेळा पाण्यात गेले. नख पाणी शोषून फुगतं, वाळलं की आकसतं. असं पुनःपुन्हा झालं की थरांमधली पकड सुटते. त्यात भांड्यांचा साबण उरलंसुरलं तेल धुऊन नेतो. आणि कुकरच्या तळाचं करपलेलं मी तर्जनीच्या नखानेच खरवडत होते, लसणीची सालंही त्यानेच काढत होते. एकच नख का फाटतं, याचं उत्तर माझ्या हातातच होतं.

मग भांड्यांसाठी आतून सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे आणले. खरवडायला लाकडी उलथनं. सिंकशेजारी खोबरेल तेलाची छोटी वाटी ठेवली. हात पुसले की नखं किंचित दमट असतानाच थेंबभर तेल कडेने आणि मुळाशी चोळायचं, म्हणजे आतला ओलावा टिकतो. नेलकटरने आंघोळीनंतर, नखं मऊ असताना, थोडी थोडी आणि आखूड कापायची. कड घासायला काचेची कानस, कोपऱ्याकडून मध्याकडे, एकाच दिशेने. करवतीसारखी मागेपुढे ओढली की थर उचकटतात. नेलपॉलिश काढायचं उग्र वासाचं ॲसिटोन बंद केलं.

मुळाशी असलेली कातडीची पातळ कड मात्र कापायची नाही, ढकलून उचकायचीही नाही. ती कड म्हणजे मुळाचं सील. ते फुटलं की पाणी आणि जंतू आत जातात आणि नखुरडं होतं. आमच्या आजी नखुरड्याला बोट लिंबात खुपसून ठेवायला सांगायच्या. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण फुटलेल्या कातडीवर लिंबू झोंबण्यापलीकडे फारसं काही करत नाही. बोट ठणकतंय, पू दिसतोय, तर डॉक्टरच. नखं चमच्यासारखी खोलगट होत असतील तर रक्तातलं लोह तपासून घ्यावं. एकाच नखावर मुळापासून टोकापर्यंत नवी काळी रेघ उमटली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

आषाढात तर्जनीच्या मुळाकडचा अर्धा भाग गुळगुळीत दिसू लागला, टोक अजून जुनंच, फाटकं. तो काळ अवघड असतो. काही होत नाही असं वाटून माणूस तेलाची वाटी उचलून ठेवतो. गणपतीच्या आदल्या दिवशी, मोदकांची पिठी मळण्यापूर्वी नखं कापली, तेव्हा अंगठ्याच्या डागाचा शेवटचा करडा तुकडा नेलकटरमधून कागदावर पडला. तर्जनीचं टोकही त्या दिवशी अखंड होतं.

म्हणून कुणी आठ दिवसांत नखं मजबूत करून देतो म्हणालं, तर पैसे देऊ नका. आज सिंकजवळ तेलाची वाटी ठेवा आणि पाच-सहा महिने ती तिथून हलवू नका.