तोल सुटत नाही, अंदाज घेतला जातो

नागपूरजवळच्या कोराडीच्या जगदंबेला नवरात्रात लोटणाऱ्या गर्दीत कुणी पोरीच्या अंगचटीला गेलं, की पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘पोट्टीनं घातलं काय होतं?’’ करणाऱ्याबद्दल एवढंच, की बिचाऱ्याचा तोल सुटला.

तोल सुटलेला माणूस इतका हिशेबी कसा? सोबत बाप-भाऊ आहे का ते तो पाहतो. खाकी वर्दी दिसली की हात खिशात जातो.

जॉन प्रायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये पुरुषांसमोर दहा प्रसंग मांडले. बाईची गरज पुरुषाच्या हातात आहे आणि शिक्षा होणार नाही याची खात्री आहे. मग फायदा घ्याल का? ‘हो’कडे झुकणारे निघालेच. प्रायर यांच्या पुढच्या प्रयोगात अशा पुरुषांना एका बाईला काम शिकवायला बसवलं. सोबतचा जाणता माणूस तिच्याशी लगट करताना दिसला, तेव्हा यांचेही हात सैल सुटले. तो नीट वागला, तर हेही सभ्य. वासना तीच होती. मोकळीक मिळाली की नाही, एवढाच फरक.

कपड्यांचा युक्तिवादही टिकत नाही. अमेरिकेतल्या २०१२ च्या एका अभ्यासात इतर नोकरदार बायकांपेक्षा पर्यवेक्षक बायकांना छळ अधिक सोसावा लागल्याचं दिसलं. हाताखालच्यांवर हुकूम चालवणारी बाई काहींना खुपते, आणि तिला जागा दाखवायला हे हत्यार सोपं पडतं.

छळणारा अनोळखी, माथेफिरू असतो, हाही असाच एक समज. भारतात नोंदवलेल्या बलात्कारांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात.

‘‘नुसता हात लावला, त्यात काय?’’ याचं उत्तर तर नागपुरातच आहे. इथल्या एका माणसानं २०१६ मध्ये पेरूचं आमिष दाखवून बारा वर्षांच्या मुलीला घरी नेलं आणि तिच्या छातीला हात घातला. कपड्यावरून केलेला हा स्पर्श मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं. देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला : कातडीला कातडी लागली की नाही हे गौण, लैंगिक हेतू महत्त्वाचा. आरोपीची तीन वर्षांची शिक्षा कायम झाली.

कामाच्या जागी मात्र ‘माझा हेतू तसा नव्हता’ ही पळवाट फारशी चालत नाही. तिथल्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा विचारतो, ते वागणं तिला नकोसं होतं का? कोराडीच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी ठेकेदाराकडे झाडलोट करणारी बाईही या कायद्यात येते, कायम नोकरी असो-नसो. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत करायची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिथे दाद मागता येते.