रंगापाठोपाठ हक्क

कलाकृती म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर कलादालनातलं चित्र किंवा चौकातला पुतळा येतो. पण माणसं राहतात त्या गल्लीलाच कलाकृती म्हणता येईल का? इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराचं उदाहरण पाहून मी तरी 'हो' म्हणेन.

तिथल्या टॉक्स्टेथ भागात १९८१ साली दंगली झाल्या. पुढे ग्रॅन्बी वस्तीतली घरं रिकामी होत गेली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, कितीतरी घरं पाडली गेली. अखेर चारच रस्ते उरले. मागे राहिलेल्या मोजक्या रहिवाशांनी रस्ते झाडले, कुंड्या मांडल्या, बंद घरांवर चित्रं रंगवली, बाजार भरवला. 'इथे माणसं राहतात' हे सांगण्याची ही त्यांची रीत. २०११ मध्ये त्यांनी न्यास स्थापन केला. म्हणजे काय, तर घरं वस्तीच्या न्यासाकडे आणि किंमत स्थानिकांच्या कमाईला झेपेल अशी. 'असेंबल' या तरुण मंडळींच्या गटाने त्यांच्यासोबत दहा पडीक घरं उभी केली. पाडकामाच्या राडारोड्यातून फायरप्लेसच्या चौकटीही घडवल्या. या कामासाठी गटाला २०१५ चा टर्नर पुरस्कार मिळाला. ब्रिटनच्या कलाक्षेत्रातला हा मोठा मान.

नुसत्या भिंती रंगवल्या, तर वस्ती देखणी होते. पण मग तिथले भाव वाढतात आणि जुन्याच रहिवाशांना जागा सोडावी लागण्याची भीती असते. ग्रॅन्बीत रंगापाठोपाठ हक्कही आला. माझ्या मते, घरपण टिकतं ते त्यामुळेच.