साडेतेरा तासांची मुभा

दोनशे किलोमीटर सायकल मारून सगळ्यांच्या आधी पोचलेल्या माणसाचं नाव निकालाच्या यादीत कुठेतरी मधेच सापडतं, कारण यादी आडनावांच्या क्रमाने लावलेली असते. पहिला, दुसरा, तिसरा हा प्रकारच नाही. कप नाही, रोख बक्षीस नाही, आणि पदक हवंच असेल तर तेही पैसे मोजून घ्यायचं. तरी या ‘ब्रेव्हे’साठी हुबळीत माणसं पहाटे अंधारात उठून टायरमध्ये हवा भरतात. ‘मग मिळतं काय?’ या घरच्यांच्या प्रश्नाला कुणी धड उत्तर दिलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

सायकलवाले याला नुसतं ‘बीआरएम’ म्हणतात. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला २०, चारशेला २७ आणि सहाशेला ४०. जेवण, झोप, पंक्चर, सगळं त्यातच. एका हंगामात हे चारही पुरे केले की माणूस ‘सुपर रँदोनर’ होतो, आणि मित्रमंडळीत त्याच्या नावामागे ‘एसआर’ लागतं. वाटेत कंट्रोल असतात, प्रत्येकाची उघडायची आणि बंद व्हायची वेळ ठरलेली. तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा. आडरानातल्या कंट्रोलवर शिक्का मारायला कुणी नसलं तर जवळच्या एटीएमची चिठ्ठी किंवा पेट्रोलपंपाची पावतीही चालून गेलेली आहे, कारण तिच्यावर वेळ छापलेली असते. मागून मदतीची गाडी आणायची नाही. चेन तुटली तर आपली आपण जोडायची. शेवटी सगळ्या वेळा पॅरिसच्या ‘ओदाक्स क्लब पारिझियाँ’कडे जातात आणि तिथून मान्यतेचा क्रमांक येतो.

क्लब पॅरिसचा असला तरी मूळ इटलीचं. १२ जून १८९७ला वीतो पार्दो आणि त्याचे सोबती रोमहून नेपल्सला सायकलवर निघाले. अंतर २३० किलोमीटर, अट एकच: सूर्य मावळायच्या आत पोचायचं. त्या काळचे रस्ते म्हणजे धुरळा आणि खडी, मधे डोंगर. या धाडसी मंडळींना ‘ओदाक्स’ म्हणू लागले. १९०४मध्ये आंरी देग्रांजने ही कल्पना फ्रान्समध्ये नेली. हा तोच पत्रकार, ज्याने आदल्याच वर्षी ‘तूर द फ्रान्स’ सुरू केली होती. त्याच्या पद्धतीत सगळ्यांनी मिळून, कप्तानाच्या ठरलेल्या वेगाने जायचं असे. १९२१मध्ये वाद होऊन फाटाफूट झाली आणि पॅरिसच्या क्लबाने ज्याला जसं जमेल तसं जाऊ द्यायचं ठरवलं. आज हुबळी बायसिकल क्लबाच्या राइडला जी माणसं उभी राहतात, ती या भांडणाचीच वारस आहेत. भांडण चांगलं झालं असं माझं मत आहे. कप्तानाच्या मागे दोनशे किलोमीटर जायचं तर मग बसने गेलेलं काय वाईट?

दुर्गदबैलात संध्याकाळी सायकल हातात धरून चालणंसुद्धा मुश्किल. गिरमिट, मिरची भजी, गाडे, गर्दी. पहाटे मात्र तोच चौक मोकळा असतो, आणि तिथून दोन उलट्या दिशांना दोन वेगळे देश सुरू होतात. हुबळी-धारवाड वसलंय तेच सीमेवर. पूर्वेला काळ्या मातीचं सपाट रान, पश्चिमेला मलनाडचे डोंगर. धारवाडच्या सोमेश्वराला उगम पावणारी शाल्मला पश्चिमेला वळते, पुढे बेडती होते, मागोडला कड्यावरून उडी घेते आणि गंगावळी होऊन अंकोल्याजवळ समुद्राला मिळते. हुबळीहून कलघटगी, यल्लापूर करत निघालेला सायकलवालाही थोड्याफार फरकाने त्याच वाटेने उतरतो.

यल्लापूर इथून सत्तरेक किलोमीटर. कलघटगीनंतर माती तांबडी होते, सागाची झाडं रस्त्यावर येतात. यल्लापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, आणि त्याच्या पुढे अरबैल घाट. उतरताना ब्रेक धरून बोटं आखडतात. खरा हिशेब परतीला. बळ्ळारीचं लोहखनिज बेलेकेरी बंदराकडे नेणाऱ्या ट्रकांची एके काळी या घाटात रांग लागायची. आता ती रांग नाही, पण अवजड वाहनं आहेतच, आणि वळणावर मागून हॉर्न आला की चढ दुप्पट वाटतो. अंकोल्यापर्यंत जाऊन परत आलं की तीनशेच्या जवळ भरतं. त्यातला निम्मा घाम या एका घाटाचा.

इथे इटलीची आठवण यायचं आणखी एक कारण म्हणजे चाक काढायची ती छोटी दांडी, ‘क्विक रिलीज’. गोष्ट अशी सांगतात: तुल्यो कांपान्योलो हा शर्यतपटू १९२७च्या सुमारास क्रोचे द’आउने घाटात बर्फात अडकला. तेव्हा गिअर बदलायचा म्हणजे उतरून मागचं चाक काढायचं आणि उलटं बसवायचं, आणि गारठलेल्या बोटांना विंग नट काही फिरेना. त्यावरून त्याने एका झटक्यात उघडणारी दांडी काढली. गोष्टीत किती मीठमसाला आहे ते सोडा, १९३३मध्ये व्हिचेन्झात त्याने सुरू केलेला कारखाना खरा आणि दांडीही खरी. पंक्चर काढताना ती उघडायची, चाक सुटतं, ट्यूब बदलायची, परत दाबायची. दहा मिनिटांचं काम. पाना लागत नाही.

दुसरी वाट गदगची. घाट नाही म्हणून नवखे ती सोपी समजतात. घाट निदान संपतो तरी. इथे चढ म्हणजे ऊन आणि वारा. गदगजवळच्या कप्पतगुड्ड्यावर पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. जूननंतर वारं पश्चिमेचं असतं. जाताना ते पाठीत हात घालून गदगला नेतं आणि माणसाला वाटतं, आपण भारी फॉर्मात आहोत. परतताना तेच छातीवर बसतं. पाऊस पडून गेला असेल तर रस्त्याच्या कडेला सायकल उतरवायचीच नाही. काळी माती टायरला धरते, टायरबरोबर फिरत फोर्कच्या सांध्यात साचते आणि चाक जागच्या जागी थांबतं. मग बाभळीची काटकी घेऊन उकरत बसा.

आणि याच वाटेवर ती गावं आहेत, ज्यांच्यासारखी बघायला लोक इटलीतल्या तोस्कानाला जातात. पस्तीसेक किलोमीटरवर अण्णिगेरी, १०५०च्या सुमाराचं अमृतेश्वर. पुढे गदग, म्हणजे भीमसेन जोशींचं गाव. गुरू त्यांना शेवटी भेटले ते हुबळीजवळच्या कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या रूपात. त्याच कुंदगोळला गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने शिकायला जात. गदगच्या पुढे बाराएक किलोमीटरवर लक्कुंडी. आज गाव लहान, पण देवळं पावलोपावली. अत्तिमब्बेने बांधवलेलं ब्रह्म जिनालय १००७चं. तोस्कानातल्या सान जिमिन्यानोचे बहुतेक मनोरे त्यानंतरचे. काशिविश्वेश्वराच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर, एकात शिव, दुसऱ्यात सूर्य. दाराच्या चौकटीवर बोट ठेवून बघा: एकात एक सात-आठ पट्ट्या, वेली, माणसं, मोती, आणि प्रत्येक पट्टी वेगळ्या खोलीवर कोरलेली. ऐहोळे-पट्टदकलच्या वालुकाश्मात हे जमलं नसतं. इथल्या कारागिरांनी मऊ, हिरवट काळा दगड घेतला आणि छिन्नी सोनाराच्या हत्यारासारखी चालवली.

इटलीत गायोले इन क्यांती गावी १९९७पासून ‘लेरोइका’ भरते. जुन्या पोलादी सायकली, लोकरी जर्सी, पांढऱ्या मातीचे रस्ते, आणि कंट्रोलवर चक्क वाइन. जगभरातून लोक पैसे भरून येतात. आमच्या कंट्रोलवर फार तर खानावळीची ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही, पण चाळीस अंशांच्या उन्हात वाइनपेक्षा दही बरं. खानावळीचा मालक वेळ किती लागला असं कधी विचारत नाही. ‘एल्ली होंट्री?’, कुठे निघालात, एवढंच, आणि हुबळीला परत जाणार म्हटल्यावर तो सायकलकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो.

लक्कुंडीत थांबायला वेळ असतो का? असतो, आणि ब्रेव्हेची खरी गंमत तिथेच आहे. लक्कुंडीच्या पुढे तीसेक किलोमीटर जाऊन मागे फिरलं की दोनशे भरतात. साडेतेरा तास म्हणजे ताशी सरासरी पंधराहूनही कमी. माणूस बावीसने चालला तर चार तासांहून जास्त उरतात. पण बरेच जण ते शेवटी हुबळीत लवकर पोचून फोटो टाकण्यात घालवतात. यादीत नाव आडनावाच्याच क्रमाने येणार हे माहीत असूनही! पार्दोच्या मंडळींना निदान सूर्याची घाई होती.

या सगळ्याचं शेवटचं टोक ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’. १८९१मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली, आता दर चार वर्षांनी होते. १२०० किलोमीटरच्या वर, मुदत जास्तीत जास्त ९० तास. पुढची ऑगस्ट २०२७मध्ये. तिथे नाव द्यायचं तर त्याच हंगामात दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे आधी झालेले हवेत. पावसाळ्याआधी सगळं उरकायचं म्हणजे सहाशे एप्रिल-मेच्या आसपास येणार. त्यामुळे हुबळीतला वाद सध्या एवढाच आहे: सहाशे गदगच्या बाजूला उन्हात मारायची की अरबैलातून दोनदा चढायचं.