कागद परत येऊ नये म्हणून



आमच्या वस्तीत महिलांचा एक बचत गट आहे. सगळ्या भगिनी कष्टकरी. कोणी घरकाम करते, कोणी पोळ्या लाटून देते, कोणी शिवणकाम करते. एका कार्यालयाच्या उपाहारगृहाचे काम निघाले, तेव्हा आपणही दरपत्रक द्यावे असे त्यांनी ठरविले. चार रात्री विहारात बैठका झाल्या. गॅस, तेल, भाजी, मजुरी यांचा पै-पैचा हिशेब मांडून चहापासून पूर्ण जेवणापर्यंतचे दर काढले. नाक्यावरच्या दुकानात संगणकावर दरपत्रक तयार करून घेतले आणि छापील प्रत मला दाखविली. मी पेशाने कारकून. वाचून पाहिले आणि म्हणालो, "छान झाले आहे, पाठवा." दुकानदाराने ती फाइल ई-मेलने पाठविली.

काही दिवसांनी उत्तर आले. दरपत्रक वाचता येत नाही, म्हणून ते विचारात घेतलेले नाही! तोवर मुदतही संपली होती.

गटाच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "भाऊ, आमचे दर परवडणारे होते. कागदच बोलला नाही."

त्या कार्यालयाने एक फोन केला असता तर काम भागले असते, हे खरे. पण ज्याला कागद परत पाठवायचा असतो त्याला निमित्त पुरते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. ते निमित्तच आपण शिल्लक ठेवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. म्हणून ती फाइल मी माझ्या संगणकावर उघडून पाहिली. माझी चूक तेव्हा कळली. मी कागद तपासला होता, फाइल तपासली नव्हती.

दोष कोठे होता?

पहिला दोष अक्षरांचा. दुकानदाराने जुन्या पद्धतीचा मराठी फाँट वापरला होता. अशा फाँटमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठविलेली असतात, फाँट त्यांना फक्त मराठीचा वेष चढवितो. तो फाँट समोरच्याच्या संगणकावर नसला की वेष उतरतो आणि पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. युनिकोडमध्ये असे होत नाही. तेथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' या अक्षराचा क्रमांक ०९१५. फाँट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. म्हणून टाइप करून घेताना पहिला प्रश्न विचारावा, "युनिकोडमध्ये करता ना?" जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलून घेतली तर पुन्हा वाचावी. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात.

दुसरा दोष आकड्यांचा. पदार्थाचे नाव लिहून, मग स्पेसबार दाबत दाबत दर उजवीकडे सरकविले होते. फाँट बदलताच सगळ्या ओळी सरकल्या. चहाचा दर कोणता आणि जेवणाचा कोणता, हे कळेना. हिशेबाचा कागद नेहमी टेबल घालून करावा. अनुक्रमांक, तपशील, परिमाण, दर असे रकाने पाडावेत. आकडे रकान्याच्या उजव्या कडेला लावावेत, म्हणजे एककाखाली एकक येते. टेबल दुसऱ्या पानावर गेले तर शीर्षकाची ओळ तेथेही यावी, अशी सोय वर्डमध्ये आहे. दरात कर धरला आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. एकूण रक्कम येत असेल तर ती अक्षरीही लिहावी.

पत्राचा सांगाडा

आवक-जावकच्या टेबलावर मी वर्षानुवर्षे कागद पाहतो आहे. तेथे पत्र आधी चाळले जाते, मग वाचले जाते. म्हणून प्रत्येक गोष्ट तिच्या ठरलेल्या जागी असावी.

वर मंडळाचे किंवा गटाचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. त्याखाली जावक क्रमांक व दिनांक. मग 'प्रति' आणि अधिकाऱ्याचे पदनाम. त्यानंतर विषय. 'मदत मिळणेबाबत' असा मोघम विषय कोणत्याही टेबलावर जाऊ शकतो, म्हणून तो कोठेच पोहोचत नाही. 'उपाहारगृहासाठी दरपत्रक सादर करण्याबाबत' असा नेमका विषय हवा. आधीचा पत्रव्यवहार असेल तर संदर्भात क्रमांक व तारीख द्यावी. मजकुरातील प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्यावा. 'आपल्या मुद्दा क्र. ३ बाबत' असे उत्तर मागता आले पाहिजे. शेवटी सही, नाव, पद आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. त्यात मागण्या कलमवार मांडल्या आहेत आणि त्यांचे स्पष्टीकरण स्वतंत्र दिले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ तर आपल्या घराघरात आहे. त्यात खंड, भाग आणि परिच्छेदांना क्रमांक आहेत, म्हणून विहारात वाचन करताना नेमकी जागा लगेच सापडते. नीट मांडलेला विचार सांगता येतो आणि त्यावर बोट ठेवून उत्तरही मागता येते.

संगणकावर काय करावे?

पान ए-फोर आकाराचे निवडावे, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. डावीकडे दीड इंच समास सोडावा, कारण कागद फाइलला लागतो आणि कमी समासात अक्षरे पंचिंगखाली जातात. अक्षर १२ ते १४ आकाराचे असावे. एकाच पत्रात तीन-तीन फाँट, रंग आणि वेलबुट्टी नको. ती लग्नपत्रिकेत शोभते.

नवे पान हवे असेल तर एंटर दाबत बसू नये. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की नवे पान सुरू होते. शीर्षकांना प्रत्येक वेळी हाताने ठळक न करता 'स्टाइल' लावावी, म्हणजे सगळी शीर्षके सारखी दिसतात. पत्र एकापेक्षा जास्त पानांचे असेल तर पृष्ठक्रमांक घालावा. '३ पैकी पृष्ठ २' असे लिहिले की पान गहाळ झालेले लगेच कळते.

शेवटी फाइलची पीडीएफ करावी आणि तीच पाठवावी. पीडीएफमध्ये मांडणी हलत नाही. पाठविण्यापूर्वी ती दुसऱ्या एखाद्या मोबाईलवर उघडून पाहावी. मी हे केले असते, तर भगिनींचे चार रात्रींचे श्रम वाया गेले नसते. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी, पुढच्या पत्राला तीच कामी येते. वर्ड विकत घेणे परवडत नसेल तर लिबरऑफिस मोफत मिळते, आणि ही सारी कामे त्यात होतात.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले. घरातील मुलगा-मुलगी बारावीपर्यंत शिकली आहे, हाती मोबाईल आहे, तर वस्तीचा अर्ज दुकानदाराच्या भरवशावर का सोडावा? रविवारी वंदना झाल्यावर विहारात तासभर बसावे. एकाने संगणक आणावा, बाकीच्यांनी आपापले अर्ज आणावेत. विहार समितीची पत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज, बचत गटाचे हिशेब यांचे नमुने एकदा तयार झाले की वर्षभर उपयोगी पडतात.

आमच्या भगिनींनी नवे दरपत्रक दुसऱ्या एका ठिकाणी दिले आहे. या वेळी ते अध्यक्ष ताईंच्या मुलीने स्वतः तयार केले. टेबल घातले, पृष्ठक्रमांक टाकला, पीडीएफ केली आणि माझ्यासमोर तीन मोबाईलवर उघडून दाखविली. काम मिळेल की नाही, ते पुढे कळेल. पण या वेळी कागद वाचता येत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आणि हो, अर्ज दिल्यावर शिक्का, तारीख व सहीसह पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम!