बोलीसामग्रीचे जतन आणि प्रतींचे आवर्तन

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणातील ज्या खंडात खानदेशीचा समावेश आहे, तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रती अनेक ग्रंथालयांत विखुरल्या, म्हणूनच तो आज टिकून आहे. जळगाव-धुळे भागांत हिंडून अहिराणीचे वा लेवा गणबोलीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या आजच्या अभ्यासकाची सामग्री मात्र पुष्कळदा एकाच संगणकात असते. आणि निवेदक वृद्ध असल्यास तेच कथन पुन्हा मिळेल अशी शाश्वती नसते. सबब बॅकअप हा केवळ यंत्रज्ञाचा विषय नसून संशोधनपद्धतीचा भाग होय.

ध्वनिमुद्रण एकदा झाले की बदलत नाही, परंतु जागा फार व्यापते : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट व दोन वाहिन्या या मानाने तासास सुमारे १ गिगाबाइट. उलट लिप्यंतर रोज बदलते, पण ते अल्प असते. अशा सामग्रीस वाढीव बॅकअप, म्हणजे मागील बॅकअपनंतर जे बदलले तेवढ्याचीच नक्कल, उत्तम मानवतो. रविवारी पूर्ण प्रत घ्यावी, सोमवार ते शनिवार वाढीव. गुरुवारी संगणक बिघडल्यास रविवारच्या प्रतीवर सोमवार, मंगळवार, बुधवार या क्रमानेच प्रती चढवाव्या लागतात. मंगळवारची सदोष निघाली, तर बुधवारची असून नसल्यासारखी.

येथेच आवर्तनाची खरी मेख आहे. दैनिक डिस्कांचा एकच संच असेल, तर नव्या सोमवारची प्रत जुन्या सोमवारवर लिहिली जाते आणि त्या क्षणी गत आठवड्याच्या मंगळवार ते शनिवारच्या प्रती निराधार होतात. म्हणून दैनिक संच दोन ठेवून ते आलटून पालटून वापरावेत. आणि जिच्यावर वाढीव प्रती अवलंबून आहेत ती पूर्ण प्रत त्यांच्याआधी कदापि पुसू नये.

यापुढची योजना आजा-बाप-लेक या नात्याने ओळखली जाते : लेक दैनिक, बाप साप्ताहिक, आजा मासिक. आजा किती काळ जपावा? माझ्या मते, चूक किती उशिरा लक्षात येते यावर ते ठरते. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने लिप्यंतरात सर्वत्र ‘से’ या क्रियारूपाचे ‘शे’ केले. संगणकाच्या दृष्टीने ही बिघाडाची घटनाच नव्हे. तो बदल इमानाने प्रत्येक नव्या प्रतीत उतरतो. परंतु स्थलपरत्वे होणारा रूपभेद नाहीसा झाला, हे विश्लेषणास बसल्यावर, कदाचित आठ महिन्यांनी, ध्यानी येते. चार आठवड्यांचे बाप तेव्हा निरुपयोगी. यास्तव निदान बारा मासिक प्रती, शिवाय प्रत्येक क्षेत्रकार्याच्या अखेरीची एक कायम प्रत, असे प्रमाण मी सुचवीन.

जळगावची मासिक प्रत धुळ्यास व धुळ्याची जळगावास ठेवता येईल. उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या येथील तापमानात ती पत्र्याच्या खोलीत मात्र नसावी. सहामाहीतून एकदा जुनी प्रत दुसऱ्याच संगणकावर उतरवून एखादे मुद्रण प्रत्यक्ष ऐकावे आणि त्याचे लिप्यंतर उघडून त्याशी ताडून पाहावे.