अनुदान शोधण्याआधी : जागतिक आरोग्याचं संशोधन आणि आपला प्रश्न

आजचा विषय व्यवहाराचा आहे. जागतिक आरोग्यावर संशोधन करायचं तर अनुदान आणि फेलोशिप कुठं शोधायची? आम्ही तत्त्वज्ञानाचे. आमच्या विषयात पैसे मागायची वेळ फारशी येत नाही, कारण देणारंच कुणी नसतं. (हशा) पण प्रश्न कसा मांडावा हा आमचा धंदा, आणि अनुदानाची निम्मी मेख तिथंच आहे.

मुलं येतात ती यादी मागायला. यादी देऊ, पण आधी 'जागतिक' या शब्दाकडे बघू. अनेकांना वाटतं, जागतिक म्हणजे दूरचं, आफ्रिकेतलं, जिनिव्हातलं. मग अर्ज देणाऱ्याच्या भाषेत लिहिला जातो आणि मुळशीतला प्रश्न त्यात बसवला जातो, पाहुण्याचा सदरा घरच्या पोराला घालावा तसा. खरं म्हणजे इथल्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडेही उपयोगी पडणार असेल, तर तो प्रश्न जागतिकच.

पुण्याचंच उदाहरण घ्या. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना दिसत होतं की आपल्याकडचे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकातल्यासारखे लठ्ठ नाहीत. बरेच जण तरुण आणि किडकिडीत. हे असं का? त्याच सुमारास इंग्लंडात साउदॅम्प्टनला डेव्हिड बार्कर वेगळ्याच वाटेनं विचार करत होते : मोठेपणीच्या आजारांची मुळं गर्भात असतील का? इथलं निरीक्षण आणि तिथला सिद्धांत एकत्र आले. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला आणि लंडनच्या वेलकम ट्रस्टनं त्याला पैसा दिला. स्त्रियांची नोंद गर्भधारणेच्या आधीपासून ठेवली. हे सांगायला सोपं, करायला महाकठीण. बाळांचं सरासरी वजन निघालं सुमारे २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. इथवर नवल नव्हतं. नवल पुढं होतं : आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. 'कृश पण मेदयुक्त' बाळाची ही कल्पना मग जगभर चर्चेत आली. त्या मुलांचा मागोवा ती मोठी झाल्यावरही घेतला गेला. आईच्या ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न त्यातूनच पुढं आला, आणि त्यासाठी पुन्हा अनुदान मागता आलं. म्हणजे एका प्रश्नानं दुसऱ्याचा खर्च काढला.

याच्या उलट बाजूनंही काम झालंय. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं, आजची एनआयव्ही. त्यात आयसीएमआरच्या जोडीला अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन होतं. डास-गोचिडांतून पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध घेण्याचा कार्यक्रम त्यांचा. पण १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापानं पडू लागली, तेव्हा क्यासनूरच्या तापाचा विषाणू ओळखायला हीच माणसं तयार होती. देणाऱ्याचा हेतू वेगळा म्हणून पैसा वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. फक्त तो हेतू काय आहे, हे आपल्याला ठाऊक हवं.

आता यादी. फेलोशिप माणसाला मिळते, अनुदान प्रश्नाला आणि संस्थेला. सरकारी कागदावर फेलोशिपला अधिछात्रवृत्ती म्हणतात. पीएचडीसाठी ती देणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती या आपल्याच राज्याच्या संस्था, आणि त्या विसरून मुलं थेट बोस्टनला अर्ज करतात! पीएचडीनंतर इंडिया अलायन्स बघा. जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम यांनी मिळून २००८ मध्ये ती उभी केली. आयसीएमआर बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांनाही प्रकल्प देते. अमेरिकेत एनआयएचचं फोगार्टी केंद्र १९६८ पासून याच कामासाठी आहे. मात्र मे २०२५ मध्ये एनआयएचनं अमेरिकी संस्थेमार्फत परदेशी संस्थेला उपअनुदान देण्याची जुनी वाट बंद केली. एकाच कणगीवर घर चालवू नये ते यासाठी.

शोधायची एक साधी युक्ती सांगतो. आपल्या विषयावरचे वीस निबंध काढा आणि निष्कर्ष सोडून शेवटची ओळ वाचा, जिथं पैसा कुणी दिला ते छापलेलं असतं. तीच नावं पुन्हा पुन्हा येतील. मग त्या संस्थेनं आजवर काय मंजूर केलं ते तपासा. एनआयएचची मंजूर प्रकल्पांची नोंद तर कुणालाही खुली आहे.

परदेशी पैसा असेल तर दोन दारं आणखी. आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि स्वयंसेवी संस्थेला एफसीआरएची नोंदणी. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, आणि प्रशासनावरचा खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. पूर्वी मोठी संस्था पैसा घेऊन गावातल्या लहान संस्थेला द्यायची. ते आता थांबलं. त्यामुळं इथल्या लहान संस्थेनं अर्जाच्या वेळी नुसतं 'सहयोगी' म्हणून नाव देऊ नये. काम कुणाच्या नावावर, पगार कुणाच्या खात्यातून, हे आधी लेखी ठरवावं.

राहिला खर्चाचा तक्ता. तिथं तुमचा प्रश्न खरा की उसना, ते उघडं पडतं. समजा, मुळशीतल्या कातकरी वस्त्यांत क्षयाच्या औषधोपचारात खंड का पडतो, हा तुमचा प्रश्न आहे. कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला जातात. वर्षातून दोन भेटी असा तक्ता केलात तर दुसऱ्या भेटीला दाराला कुलूप. म्हणून भट्टीपर्यंतच्या प्रवासाचे पैसे मागा, कातकरी बोलणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन मागा, संमतीपत्र वाचून दाखवायला लागणारा वेळही खर्चात धरा. परीक्षक विचारतील, एवढा प्रवास कशाला? तेव्हा भट्ट्यांची नावं, त्यांचं तालुक्यापासूनचं अंतर आणि माणसं पावसाच्या तोंडावर कधी परततात ते महिने, हे सगळं अर्जातच लिहिलेलं असू द्या.