शंभर घागरींतील ओंजळभर पाणी

पृथ्वीवरील सर्व पाणी १०० घागरींत भरले, तर सुमारे साडेसत्त्याण्णव घागरी खाऱ्या निघतील. उरलेल्या अडीचांपैकी पावणेदोन घागरी बर्फरूपाने गोठलेल्या आहेत. बाकीचे पाणी बहुतांशी भूगर्भात आहे. नद्या व सरोवरे यांच्या वाट्यास जेमतेम ओंजळभर येते.

या गोड्या पाण्याची भर पावसाने होते. एक हेक्टर रानावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी उतरते; ५०० मिलिमीटरांचे ५० लाख लिटर होते. ते उतारावरून धावले, तर माती वाहून नेते. अडले, तर जमिनीत मुरून विहिरीस पाझर देते. म्हणून शेतकरी बंधूंनी नांगरणी व पेरणी उतारास आडवी करावी आणि फुटलेले बांध पावसाळ्यापूर्वीच दुरुस्त करावेत.